जनाची लाज, मनाची लाज आणि स्वतःला क्षमा
(व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या मनाचा एक अभ्यास)

बी. ए. भाग २

व्यसन ह्या विषयावर आपण शाळेपासून निबंध लिहीत आलो आहोत. त्या निबंधांत दारूचे शरीरावर होणारे परिणाम असतात, कुटुंबाची धूळधाण असते आणि शेवटी तरुणांनी निर्व्यसनी राहावे असे आवाहन असते. परंतु ज्याने दारू सोडली, त्याचे पुढे काय होते हा प्रश्न त्या निबंधांत कधी येत नाही. जणू बाटली फुटली की गोष्ट संपली, असे आपण गृहीत धरतो.

वास्तविक पाहता दारू सोडल्यानंतरचे पहिले काही महिने त्या माणसाला सर्वांत कठीण जातात. नशेत असताना जे दिसत नव्हते ते आता स्वच्छ दिसू लागते. विकलेली भांडी, बायकोच्या अंगावरचे वळ, शाळेच्या फीसाठी रडणारे पोर, लग्नात सर्वांसमोर घातलेला गोंधळ, ह्या साऱ्यांचा हिशेब एकदम समोर येतो. हा हिशेब त्याने कसा पाहायचा, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्या वेळी त्याच्या मनात लाज असते, अपराधाची टोचणी असते आणि कधी तरी आपल्याला आपल्याच तोंडाकडे सरळ पाहता येईल का, अशी एक भीतीही असते. ह्या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली तर माणूस पुन्हा व्यसनाकडे वळू शकतो, असे मला अभ्यासातून व अनुभवातून वाटू लागले आहे.

लाज दोन प्रकारची

आपल्या मराठीत एक म्हण आहे : जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगावी. दारू पिणाऱ्याला ती हमखास ऐकवली जाते. ऐकवणाऱ्याच्या लक्षात येत नाही, पण ह्या म्हणीत मानसशास्त्रातील एक महत्त्वाचा भेद आहे. जनाची लाज म्हणजे लोक मला काय म्हणतील, मी त्यांच्या नजरेत कोण ठरलो, ही जाणीव. मनाची लाज म्हणजे माझ्या हातून काय घडले, ही जाणीव. पहिल्या लाजेत प्रश्न 'मी कसा आहे' असा असतो, तर दुसरीत 'मी काय केले' असा असतो.

अमेरिकन मानसतज्ज्ञ हेलन ब्लॉक लुईस ह्यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नेमका हाच भेद मांडला. त्यांच्या मते लाजेत संपूर्ण 'मी' आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. अपराधभावात मात्र एखादे कृत्य तेथे असते. पुढे जून टँगनी ह्या संशोधिकेने ह्या भेदाचा अनेक वर्षे अभ्यास केला. लाजेने ग्रासलेला माणूस तोंड लपवतो, पळतो, किंवा उलट दुसऱ्यावर संतापतो. अपराधाची टोचणी लागलेला माणूस कबुली देण्याकडे, माफी मागण्याकडे आणि झालेले नुकसान भरून काढण्याकडे वळतो, असे त्यांच्या अभ्यासाचे सार आहे.

हे वाचताना मला आमच्या शेजारच्या घराची आठवण झाली. तेथील गृहस्थ दारू पिऊन आल्यावर सकाळी कोणी काही बोलले की अधिक चवताळत. आम्ही म्हणत असू, ह्याला लाजच नाही. आता वाटते की त्यांना लाज फार होती. मनाची लाज जागी होण्याइतकी जागाच त्या लाजेने मनात शिल्लक ठेवली नव्हती.

सुधाकर दुसऱ्यांदा का पडला?

ह्या विषयाचे एक जुने व सुपरिचित मराठी उदाहरण म्हणजे राम गणेश गडकरी ह्यांचे 'एकच प्याला' हे नाटक. गडकऱ्यांचा मृत्यू आपल्याच विदर्भात, नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी झाला आणि त्याच वर्षी हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षक रडत, हे आपण ऐकून आहोत. त्यामुळे ह्या नाटकाची चर्चा बहुधा सिंधूच्या पातिव्रत्याभोवती फिरते. येथे मला सुधाकराकडे पाहायचे आहे.

सुधाकर हा बुद्धिमान आणि मानी वकील आहे. न्यायालयात त्याचा अपमान होतो, त्याची सनद काही काळासाठी काढून घेतली जाते आणि ती जखम विसरण्यासाठी तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. म्हणजे व्यसनाची सुरुवातच मुळी जनाच्या लाजेतून झाली आहे. पुढे सुधाकर एकदा दारू सोडण्याचा निश्चय करतो. तो निश्चय खोटा नाही. तो शुद्धीवर आहे, बायकोमुलाची दशा त्याला दिसते आहे आणि मान खाली घालून तो काम शोधायला बाहेर पडतो. पण ज्या जगात तो एके काळी ताठ मानेने वावरला, ते जग त्याला उभे करून घेत नाही. जुन्या ओळखीची माणसे त्याची थट्टा करतात. तो परततो तो पुन्हा प्याला हाती घेण्यासाठीच. ह्या दुसऱ्या पडण्यानंतर त्याला सावरणे कोणालाच जमत नाही.

शाळेत हे नाटक आम्हाला 'दारूचे दुष्परिणाम' म्हणून शिकवले गेले. परंतु ज्या दिवशी सुधाकर पुन्हा प्यायला, त्या दिवशी दारूने त्याला ओढण्यापूर्वी लाजेने ढकलले होते. दारू सोडलेला सुधाकर समाजाने पाहिलाच नाही. समाजाला दिसला तो 'दारुड्या सुधाकर' आणि शेवटी सुधाकरालाही स्वतःमध्ये तोच दिसू लागला. अखेरीस सिंधू मरणाच्या दारात असतानाही पोलिसांसमोर नवऱ्यावर आळ येऊ देत नाही, तिच्याकडून त्याला क्षमा मिळते. तरीही तो विष घेतो. दुसऱ्याने दिलेली क्षमा आपोआप आत पोहोचत नाही, हे गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून ठेवले आहे.

लाज आणि प्याला ह्यांचे चक्र

लाज वाटली तर माणूस दारू सोडेल, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. म्हणूनच त्याला चारचौघांत बोलले जाते, पोरांसमोर उभे केले जाते. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासणारा एक प्रयोग कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील डॅनियल रँडल्स व जेसिका ट्रेसी ह्या संशोधकांनी केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. नुकतीच दारू सोडलेल्या माणसांना त्यांनी शेवटी प्यायल्यानंतर वाईट वाटले त्या प्रसंगाविषयी बोलायला सांगितले आणि बोलतानाचे त्यांचे चित्रण केले. कोणाचे खांदे पडले, कोणाची छाती आत गेली, हे त्यांनी बारकाईने नोंदवले. काही महिन्यांनी पुन्हा चौकशी केली असता असे आढळले की ज्यांच्या शरीरावर लाज अधिक उमटली होती ते पुन्हा पिण्याकडे अधिक वळले होते, आणि पुन्हा प्यायलेल्यांत अधिक लाजणाऱ्यांनी अधिक दारू प्यायली होती. गंमत अशी की तोंडाने कोणी किती लाज सांगितली ह्यावरून काहीच अंदाज बांधता येत नव्हता. लाज जिभेवर कमी आणि खांद्यावर जास्त असते, असेच म्हणायचे.

ह्यामागचे कारण समजणे कठीण नाही. लाज ही सोसवत नाही अशी भावना आहे. तिच्यापासून सुटका हवी असते. ज्या माणसाला सुटकेचा एकच रस्ता वर्षानुवर्षे पाठ झाला आहे, तो त्याच रस्त्याने जाणार. प्यायल्यामुळे लाज, लाजेमुळे पुन्हा पिणे, असे हे चक्र आहे. 'मी असाच आहे' अशी एकदा खात्री पटली की 'मग सोडून तरी काय उपयोग' हा पुढचा विचार फार दूर नसतो.

आपल्या गावात

आपला भंडारा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. मोहाची फुले वेचणे हा अनेक घरांचा उन्हाळ्याचा आधार आहे आणि त्याच फुलांपासून दारूही निघते. तीत आता देशी दारूची भर पडली आहे. पानठेल्यावरचा खर्रा तर व्यसन म्हणून कोणी मोजतही नाही. वर्धा जिल्हा फार पूर्वीपासून दारूबंदीचा आहे. लाखांदूर तालुक्याला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या आंदोलनानंतर १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. दारूबंदी हवी की नको, हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. बंदीने दुकान बंद होते. पण ज्याने आधीच सोडली आहे त्याच्या मनातील ओझे बंदीने हलके होत नाही आणि बंदी उठल्याने वाढतही नाही. त्यासाठी वेगळे काही करावे लागते.

गावात माणूस दारू सोडतो तेव्हा त्याची ओळख सुटत नाही. शहरात निदान गल्ली बदलता येते. गावात ज्या चौकात तो पडलेला लोकांनी पाहिला, त्याच चौकातून त्याला रोज बांधीकडे जावे लागते. पानठेल्यावर बसलेले लोक म्हणतात, "किती दिस टिकते पाहू." ह्यात दुष्टावा असतोच असे नाही, पण रोज तीच पैज लागलेली ऐकणे सोपे नाही. दारू सोडून चार वर्षे झालेल्या एका माणसाने मला एका वाक्यात सांगितले, "दारू सुटली गा, पन नाव नाही सुटलं."

तो माणूस म्हणजे माझे वडील. हे येथे लिहावे की नाही, ह्याचा मी बराच विचार केला. त्यांना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "लिहिजो. पन बिजाईचं भी लिहिजो."

बिजाईची गोष्ट अशी आहे. मी सातवीत असताना मृगाच्या तोंडावर त्यांनी बियाण्यासाठी ठेवलेले धानाचे पोते विकले आणि ते पैसे दोन दिवसांत संपले. त्या वर्षी आमच्या दीड एकर बांधीत पऱ्हे टाकले गेले नाहीत. आजूबाजूच्या बांध्या हिरव्या होत गेल्या आणि आमची तेवढी पडीत राहिली. गावाच्या रस्त्यालाच ती बांधी असल्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसत होती. आई त्या साली दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला गेली. पुढे मी दहावीत असताना वडिलांनी दारू सोडली. तेव्हापासून दरवर्षी रोहिण्या लागल्या की इतर सर्व खर्चांच्या आधी ते बिजाई आणतात आणि पोते आईच्या समोर ठेवतात. 'मला माफ कर' असे ते तिला कधी म्हणाल्याचे मी ऐकलेले नाही. आईनेही 'माफ केले' असे म्हटलेले नाही. ती पोत्याचे तोंड सोडते, मूठभर धान हातावर घेऊन पाहते आणि पुन्हा बांधून ठेवते.

बोलून दाखवण्याची वाट

ह्या ओझ्याचे काय करायचे, ह्यावर जगभर विचार झाला आहे. अमेरिकेत १९३५ साली बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यविशारद, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांना भेटले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्या १९३९ साली पुस्तकरूपाने आल्या. त्या पायऱ्यांचा क्रम विचार करण्यासारखा आहे. चौथ्या पायरीवर माणसाने आपल्या वर्तनाची निर्भयपणे झडती घ्यायची. पाचव्या पायरीवर ती ईश्वरासमोर, स्वतःसमोर आणि आणखी एका माणसासमोर कबूल करायची. आठवीवर ज्यांना दुखावले त्यांची यादी करायची आणि नववीवर शक्य तेथे भरपाई करायची. मात्र भरपाई करण्याने त्यांना किंवा इतर कोणाला इजा होणार असेल तर ती करायची नाही. स्वतःचे मन हलके करण्यासाठी दुसऱ्याची जखम उघडण्याचा हक्क आपल्याला नाही, हे ह्या शेवटच्या अटीत किती नेमके सांगितले आहे!

ह्या संघटनेच्या सभेत माणूस उभा राहून आपले नाव सांगतो आणि आपण मद्यपी असल्याचे स्वतःच सांगतो. वरवर पाहता ही लाज वाढवणारी गोष्ट वाटेल. पण ऐकणारे सगळे त्याच वाटेने आलेले असतात. जे लपवायचे होते तेच उघड्यावर ठेवले आणि कोणी हसले नाही, असे पाहिल्यावर लाजेचे निम्मे बळ जाते. लाजेला अंधार लागतो.

महाराष्ट्रात ह्या कामाचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. गर्दच्या व्यसनाने पोखरलेल्या तरुणांविषयी डॉ. अनिल अवचट ह्यांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली हे केंद्र सुरू केले. तेथे उपचाराला येणाऱ्याला 'रुग्णमित्र' म्हणतात. हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. 'दारुडा' म्हटले की तो माणूस म्हणजे दारूच असे ठरते. 'रुग्ण' म्हटले की आजार हा त्याच्यापासून वेगळा होतो, आणि 'मित्र' म्हटले की तो माणूस आपल्या बाजूला येऊन बसतो. जे स्वतः व्यसनातून बाहेर आले तेच पुढे तेथे कार्यकर्ते झाले, हीही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. ज्या भूतकाळाने मान खाली गेली, तोच दुसऱ्याच्या उपयोगी पडू लागतो.

आपल्या भागात ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे नागपूरच्या महानत्यागी बाबा जुमदेवजी (१९२१–१९९६) ह्यांनी सुरू केलेला 'परमात्मा एक'चा सेवक मार्ग. भंडारा जिल्ह्यातील कितीतरी गावांत ह्या मार्गाचे सेवक आहेत. सत्य, मर्यादा आणि प्रेम ह्यांवर ह्या मार्गाचा भर आहे आणि व्यसन सोडणे ही त्यातली मोठी अट आहे. धार्मिक बाबींविषयी ज्याचे त्याचे मत असेल, ती चर्चा येथे नको. मला महत्त्वाचे वाटते ते असे की त्यांच्या चर्चाबैठकीत साधा शेतमजूर उभा राहतो आणि मी कसा होतो व आता कसा आहे, हे आपल्या बोलीत सांगतो. अमेरिकेतील ती सभा आणि आपल्याकडील ही बैठक ह्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी माणसाची गरज तीच असल्यामुळे दोन्हीकडे माणूस उभा राहून बोलतो आणि बाकीचे ऐकतात.

कर्जमाफी की हप्ते?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. स्वतःला क्षमा करणे म्हणजे काय? 'जे झाले ते झाले, विसरून जा' असे मित्र सांगतात. हे ऐकायला बरे वाटते, पण त्याने काम होत नाही. आपल्याकडे माफी म्हटले की कर्जमाफी आठवते. सरकार घोषणा करते आणि सोसायटीच्या खात्यावरचा आकडा पुसला जातो. मनाच्या खात्याचे तसे नाही. तेथे कर्ज देणारा सरकार नसतो. बायको असते, पोर असते, म्हातारी आई असते. त्यांचे कर्ज आपणच आपल्याला माफ करून टाकावे, हा कोणता न्याय?

मग उलट टोकाला जाऊन आयुष्यभर स्वतःला शिव्या देत बसावे का? त्यानेही धनकोच्या हाती एक पैसा पडत नाही. स्वतःला शिक्षा करणारा माणूस वरून पश्चात्तापी दिसतो, पण त्याचे सारे लक्ष अजूनही स्वतःवरच असते. पूर्वी दारूत बुडाला होता, आता दुःखात बुडाला आहे. घरच्यांना दोन्ही वेळा तो मिळालेला नाही.

ह्या दोहोंमधली वाट म्हणजे हप्ते बांधून घेणे. मेरिलिन कॉर्निश व नॅथनिएल वेड ह्या अमेरिकन समुपदेशनतज्ज्ञांनी २०१५ साली स्वतःला क्षमा करण्याच्या चार पायऱ्या मांडल्या आहेत : जबाबदारी घेणे, खंत वाटणे, भरपाई करणे आणि नव्याने सुरुवात करणे. क्रम पाहा. नव्याने सुरुवात ही शेवटी आहे. जबाबदारी न घेता थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली तर ती क्षमा नव्हे, पळवाट आहे. आणि दुसऱ्याच पायरीवर, खंतेत, बसून राहिले तर तो पश्चात्ताप न राहता चिखल होतो. माझ्या अल्पमतीप्रमाणे स्वतःला क्षमा करणे म्हणजे कर्ज नाकारणे नव्हे. मी हे कर्ज फेडू शकणारा माणूस आहे, एवढा स्वतःवर विश्वास टाकणे होय. ज्याला आपण बुडीत खाते ठरवतो त्याच्याकडे कोणी हप्ता मागत नाही. स्वतःला बुडीत खात्यातून काढणे हीच ती क्षमा.

आपल्या परंपरेतही हे आहे. वाल्या कोळ्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. घरचे लोक त्याच्या पापात वाटेकरी व्हायला नकार देतात, तेव्हा जबाबदारी फक्त आपली आहे हे त्याला कळते आणि तेथून त्याचा बदल सुरू होतो. बौद्ध परंपरेतील अंगुलिमालाची कथा तर ह्याहून पुढे जाते. माणसे मारणारा अंगुलिमाल बुद्धांकडे येऊन भिक्खू होतो. पण तो भिक्षेला गावात जातो तेव्हा लोक त्याला दगड मारतात. रक्ताळलेल्या अंगाने तो परततो, तेव्हा बुद्ध त्याला हे सहन करायला सांगतात. तो बदलला आहे हे खरे असते, आणि ज्यांचे लोक मेले त्यांचा राग अजून गेलेला नाही हेही खरेच असते. तो दगडांना दगडाने उत्तर देत नाही आणि दगड बसले म्हणून पुन्हा जंगलातही जात नाही. दारू सोडलेल्या माणसाने सुधाकराची वाट न धरता अंगुलिमालाची वाट कशी धरावी, ह्याचा हा धडा आहे.

सिंधूचा हक्क

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. दारू पिणाऱ्याच्या मनाची एवढी काळजी करायची, मग ज्यांनी मार खाल्ला त्यांचे काय? आपल्याकडे बायकोने क्षमा करायची हे इतके गृहीत धरले आहे की मरता मरता नवऱ्याला वाचवणारी सिंधू आपल्याला आदर्श वाटते. मला ते पटत नाही. क्षमा हा देणाऱ्याचा हक्क आहे, ते तिचे कर्तव्य नाही. नवऱ्याने दारू सोडली म्हणून बायकोने त्याच दिवशी सर्व विसरावे, अशी मागणी करणारा अजून हिशेबालाच बसलेला नाही.

म्हणूनच स्वतःला क्षमा करणे हे दुसऱ्याच्या क्षमेवर अवलंबून ठेवता येत नाही, आणि दुसऱ्याच्या क्षमेऐवजी वापरताही येत नाही. आई मूठभर धान हातावर घेऊन पाहते, तेव्हा ती नेमके काय पाहते ते मला ठाऊक नाही. कदाचित बियाणे खरे आहे की नाही एवढेच पाहत असेल. तो तिचा अधिकार आहे. वडिलांचे काम पुढच्या रोहिण्यांत पुन्हा पोते आणण्याचे आहे.

समारोप

व्यसनाधीनता हा आजार आहे हे आज वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. पण आजारात केलेल्या कृत्यांची जबाबदारी त्याने संपत नाही. ही दोन्ही सत्ये एकाच वेळी हातात धरता आली पाहिजेत. जनाची लाज माणसाला तोंड लपवायला लावते. मनाची लाज त्याला हिशेबाला बसवते. आणि स्वतःला दिलेली क्षमा त्याला हप्ते भरण्याइतके बळ देते. आपण, म्हणजे आजूबाजूचे लोक, फार तर एवढे करू शकतो की त्याच्या वाट्याला पहिली लाज कमी येऊ द्यावी, म्हणजे दुसरीला जागा मिळेल.

हे लिहिताना 'आपण' ह्या शब्दापाशी मी अडखळले. कारण लाज फक्त पिणाऱ्यालाच वाटत नाही, त्याच्या पोरांनाही वाटते. मी ह्या महाविद्यालयात प्रवेश घेतला त्या दिवशी वडील माझ्यासोबत आले होते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. सर्व कागदपत्रे त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरली होती. दारू सोडून तेव्हा त्यांना दोन वर्षे होऊन गेली होती. रांगेतल्या एका मुलीने विचारले, "हे कोण?" मी म्हणाले, "गावचे आहेत, सोबत आले." ते दोन हातांवर उभे होते. त्यांनी ते ऐकले असणारच. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेरच्या बांध्यांकडे पाहत राहिले आणि घरी आल्यावर प्रवेश झाल्याचे आईला त्यांनीच आनंदाने सांगितले.

त्या दिवशी ते प्यायले नाहीत. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आले की त्या दिवशी ते पिऊ शकले असते.

बिजाईचे लिहायला त्यांनी सांगितले होते, ते मी लिहिले. प्रवेशाच्या दिवसाचे लिहिणार आहे, हे मी त्यांना सांगितलेले नाही. ते चौथीपर्यंत शिकले आहेत आणि छापलेले मोठे लेख वाचायला त्यांना वेळ लागतो. म्हणून हा अंक हाती आला की हा लेख मी त्यांना स्वतः वाचून दाखवणार आहे, अगदी ह्या परिच्छेदापर्यंत. तो माझा पहिला हप्ता असेल.